एक डिसेंबरची फेरी पुरे, आता जुलैतल्या चार तासिका द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एक डिसेंबर जवळ आला की जिल्ह्यातल्या शाळांत जागतिक एड्स दिनाचे परिपत्रक फिरते. मग प्रभातफेरी निघते, व्हरांड्यात लाल फितीची रांगोळी पडते, परिपाठात शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते आणि दुपारपर्यंत फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जातात. फेरी काढायला कुणाचीच हरकत नसावी. अडचण एवढीच की फेरी निघाली म्हणजे विषय शिकवून झाला, असे कागदोपत्री धरले जाते. आठवीच्या विज्ञानात एड्स येतो, पण ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून दिला जाणारा मजकूरही हमखास तोच असतो.

हा विषय नीट शिकवायला ३५-४० मिनिटांच्या चार तासिका पुरतात. त्या डिसेंबरात ठेवू नयेत. त्या महिन्यात स्नेहसंमेलन असते, क्रीडा स्पर्धा असतात, शिवाय नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलेले असते आणि शिक्षक संघटनांचे मोर्चे-धरणे यशवंत स्टेडियमवर. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत आठवड्याला एक तासिका काढली तर कुठल्याच परीक्षेच्या आड येत नाही. वर्ग आठवीचाच धरावा. नववीत सुरुवात करणे आमच्या मते उशिराचे, कारण आठवीनंतर गावातली शाळा संपते, पुढच्या शाळेसाठी एसटी धरावी लागते आणि गळती तिथेच होते. शाळा सुटलेला मुलगा वीटभट्टीवर, ट्रकवर क्लीनर म्हणून किंवा बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात लागतो. ही माहिती सर्वांत जास्त त्यालाच हवी असते, आणि नववीच्या वर्गात तो नसतोच.

कार्यक्रमांची उणीव आहे असेही नाही. केंद्राने २००५ मध्ये किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला. २००७ मध्ये त्यातल्या मजकुरावर नि चित्रांवर आक्षेप घेऊन महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो थांबवला. २०२० पासून आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, एक पुरुष आणि एक स्त्री, तयार करायचे आहेत. त्यातल्या अकरा विषयांपैकी एक प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध हाच आहे. म्हणजे आधार आहे, वेळापत्रकात जागा नाही.

पहिल्या तासिकेत एकच गोष्ट पक्की व्हावी: एचआयव्ही हा विषाणू आहे आणि एड्स ही त्याने कालांतराने येणारी अवस्था. विषाणू शरीराच्या संरक्षणातल्या सीडी-फोर पेशींवर घाला घालतो. निरोगी माणसात या पेशी रक्ताच्या घनमिलिमीटरमागे साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या किंवा क्षयासारखे संधिसाधू आजार जडले की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. उपचार नसतील तर लागणीपासून तिथवर यायला आठ-दहा वर्षे लागू शकतात, आणि तोवर माणूस धडधाकट दिसतो, शेतात राबतो, लग्नही करतो. चेहऱ्यावरून, वजनावरून ओळखता येते हा समज इथेच मोडून काढावा. कवटी नि हाडांची पोस्टरे मात्र भिंतीवरून उतरवावीत. त्यांच्यामुळे ‘तसा दिसत नाही म्हणजे नसेल’ हा समज घट्ट होतो, आणि ज्या मुलाच्या घरी आई किंवा बाप गोळ्या घेत आहे तो वर्गात मान खाली घालून बसतो. ‘एड्स म्हणजे मृत्यू’ ही घोषणाही आता खरी राहिलेली नाही.

दुसरी तासिका प्रसाराची, आणि सर्वांत जास्त गडबड हिच्यातच होते. मुले चार मार्ग पाढ्यासारखे पाठ म्हणतात आणि तास संपल्यावर हळूच विचारतात, ‘सर, मच्छर चावला त् होते का?’ त्यांना यादी दिलेली असते, कारण दिलेले नसते. म्हणून आधी फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत. द्रव कोणता? शरीरात शिरायला वाट आहे का? विषाणू पुरेसा पोचतो का? रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदाशयातील स्राव आणि आईचे दूध, एवढ्याच द्रवांतून लागण होते. लाळ, घाम, अश्रू, लघवी यांतून होत नाही. डासाचेही असेच समजावून सांगावे. डास एका नळीतून आपली लाळ सोडतो आणि दुसरीतून रक्त ओढतो. ओढलेले रक्त पुढच्या माणसात टोचत नाही. मलेरियाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो, एचआयव्ही तिथे वाढूच शकत नाही, पोटात पचून जातो. डेंग्यू-मलेरिया घरोघरी पाहिलेल्या पोरांना हा फरक एकदा कळला की पुन्हा सांगावा लागत नाही.

त्यानंतर पत्ते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येकी एक प्रसंग लिहून २४ पत्ते करावेत आणि पाच-सहा जणांच्या गटांत वाटावेत. ‘धोका आहे’, ‘धोका नाही’ आणि ‘नक्की सांगता येत नाही’ असे तीन ढीग मुलांनी लावायचे. ढीग लावायला बारा मिनिटे द्यावीत, वादाला वीस. शिक्षकाकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे पहिला पत्ता चुकीच्या ढिगात पडताच उत्तर सांगून टाकणे. तसे झाले की पुढचे सगळे ढीग सरांच्या तोंडाकडे पाहून लागतात.

पत्त्यांवरचे प्रसंग गावातले असावेत. एका गुंडातले (घागरीतले) पाणी, एका ताटात जेवण, शाळेचा संडास, कबड्डीत खरचटलेला कोपर, कटिंगच्या दुकानातले ब्लेड, जत्रेतले गोंदण, गावातल्या बोगस डॉक्टरची सुई, रक्तदान, रक्त चढवणे, गरोदर आई. यांतले काही सोपे आहेत, काहींवर थांबावे लागते. ब्लेडमधून एचआयव्ही होण्याची शक्यता नगण्य आहे, कारण बाहेर वाळलेल्या रक्तात हा विषाणू फार तग धरत नाही. पण कावीळ-बीचा विषाणू उघड्यावर सात दिवस टिकू शकतो, म्हणून नवे ब्लेड मागायचेच. रामटेकच्या त्रिपुरी पौर्णिमेला काय किंवा कुठल्याही जत्रेत काय, गोंदणवाला सुई बदलताना दिसतो, पण शाईची वाटी तीच असते आणि मागच्याचे रक्त त्या शाईत उतरलेले असते. सिरिंजच्या आत अडकलेल्या रक्तात तर एचआयव्ही कित्येक दिवस जिवंत राहतो. त्यामुळे सुई-सिरिंजचे पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फाडले का, हे पाहायला आठवीतल्या मुलाने शिकलेच पाहिजे. ताप आला की ‘एक सुई लावून द्या’ म्हणणाऱ्या घरात हे सांगणारे दुसरे कुणी नसते.

रक्ताच्या पत्त्यावर आकडे द्यावेत. बाधित रक्त चढवले गेले तर लागण होण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. बाधित रक्ताची सुई चुकून टोचली तर हजारात सुमारे तीन. रक्तदान करणाऱ्याला शून्य, कारण सुई नवी असते आणि रक्त फक्त बाहेर जाते. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ-बी, कावीळ-सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया यांची तपासणी सक्तीची आहे. तरीही लागणीनंतरचे सुरुवातीचे दिवस, ज्याला गवाक्षकाळ म्हणतात, चाचणीतून निसटू शकतात. सिकलसेल नि थॅलेसेमियाची मुले विदर्भातल्या किती वर्गांत बसतात ते शिक्षकांना ठाऊक आहे. त्यांना रक्त वरचेवर लागते. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या मुलांना रक्तातून एचआयव्हीची लागण झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. हा भाग गाळून ‘वाईट वागणाऱ्यांना हा आजार होतो’ असे शिकवणे म्हणजे त्या मुलांना दुसऱ्यांदा शिक्षा देणे होय.

तिसरी तासिका लैंगिक संबंधांची. टाळली जाते ती हीच, आणि भारतातली बहुतेक लागण याच मार्गाने होते. शिक्षक ‘वाईट संबंध’, ‘अनैतिक संबंध’ असे शब्द वापरून सुटका करून घेतात. त्यातून मुलीला असा अर्थ कळतो की लग्न झालेल्या, घरच्या बाईला हे होणे शक्य नाही. प्रत्यक्षात अनेक स्त्रियांना लागण नवऱ्याकडूनच झालेली असते. म्हणून सरळ बोलावे: जोडीदाराला एचआयव्ही असेल, तो उपचारावर नसेल आणि निरोध वापरला नाही, तर लैंगिक संबंधातून लागण होऊ शकते, लग्न झाले आहे की नाही, हे विषाणू बघत नाही. संयम, उशिरा सुरुवात, नकार देण्याचा हक्क, दबाव कसा ओळखावा, हे सगळे याच तासात येते.

मुले-मुली वेगळी बसवावीत का, यावर शिक्षकांत दोन मते आहेत. आमचे मत असे की पहिली, दुसरी आणि चौथी तासिका एकत्र घ्यावी. तिसरी वेगळी, पण दोन्हीकडे मजकूर अक्षरशः एकच. सध्या मुलींना सॅनिटरी पॅडवर एक तास मिळतो आणि मुलांना त्या वेळी मैदानावर सोडतात. शाळेत शिक्षिका नसेल तर आरोग्य उपकेंद्राच्या परिचारिकांना, म्हणजे एएनएमताईंना, त्या एका तासासाठी बोलवावे. त्या गावातल्याच ओळखीच्या असतात, मुली त्यांच्याशी बोलतात.

निरोधाचे नाव, काम आणि तो प्राथमिक आरोग्य केंद्रात नि आशाताईंकडे मोफत मिळतो, एवढे आठवीत सांगावे. प्रात्यक्षिक अकरावी-बारावीत आणि शाळा सोडलेल्या तरुणांच्या गटात घ्यावे. तिथे मात्र ‘वापरा’ म्हणून थांबू नये, निरोध कशाने फसतो ते सांगावे. नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा. गाडीच्या डिक्कीत किंवा पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेले निरोधाचे रबर कमजोर होते. खोबरेल तेल, व्हॅसलीन लागले तर ते काही मिनिटांत विरते. दातांनी पाकीट फाडणे, टोकाला हवा राहू देणे, एकावर एक दोन चढवणे, मुदत न पाहणे, या बाकीच्या चुका.

चौथ्या तासिकेत तपासणी आणि उपचार. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत, तसेच नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र आहे. सगळे त्याला आयसीटीसी म्हणतात. तिथे नोंद होते, समुपदेशक आधी बोलतो, संमती घेतली जाते, थोडेसे रक्त घेतात, आणि एरवी त्याच दिवशी अहवाल देऊन पुन्हा समुपदेशन होते. पैसे लागत नाहीत. पहिली चाचणी लागणीकडे बोट दाखवत असेल तर वेगवेगळ्या किटवर आणखी दोन चाचण्या होतात आणि तिन्ही जुळल्याशिवाय ‘बाधित’ म्हणत नाहीत. गवाक्षकाळात अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून धोक्याचा प्रसंग ताजा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, हेही मुलांपासून लपवू नये. १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे आणि नाव सांगावे लागत नाही. हा आकडा शाळेच्या फलकावर वर्षभर राहावा, एक डिसेंबरपुरता नको.

धोक्याच्या प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत, आणि जमल्यास पहिल्या दोन तासांतच, प्रतिबंधक गोळ्या सुरू करून २८ दिवस घेतल्या तर लागण टळू शकते. अत्याचार झालेल्या मुलीला रुग्णालयात नेताना घरचे आणि शिक्षक या ७२ तासांचे भान ठेवत नाहीत. आधी पंचायत, मग ठाणे, मग दवाखाना, असा क्रम लागतो आणि वेळ निघून जाते.

उपचार म्हणजे बहुतेकांना रोज एक गोळी. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे असतात. एचआयव्हीचे उपचार देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रातून ती मोफत मिळते. २०१७ पासून सीडी-फोर कितीही असो, लागण कळताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. नियमित गोळीने रक्तातला विषाणू इतका कमी होतो की चाचणीत सापडत नाही, आणि तसा तो दबलेला राहिला तर त्या व्यक्तीकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. आईला उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के, वेळेवर उपचार मिळाले तर ५ टक्क्यांच्या खाली. आठवीतल्या काही मुलींच्या लग्नाच्या गोष्टी घरात सुरू झालेल्या असतात, त्यांनी हे आकडे ऐकून ठेवलेले बरे.

मुलांनी नाव न लिहिता आपले प्रश्न चिठ्ठीवर टाकायचे, त्या प्रश्नपेटीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिच्यावर बरेच अवलंबून आहे. पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी ठेवली की रिकामी राहते. वर्गात सर्वांना सारख्याच आकाराचा कागद द्यावा आणि प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच, असा नियम करावा. प्रश्न नसेल त्याने एखादी ओळ लिहावी. म्हणजे कोण लिहितो आहे हे शेजाऱ्याला कळत नाही. चिठ्ठ्या दोघा शिक्षकांनी तासाच्या आदल्या दिवशी उघडाव्यात, प्रश्न दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यावेत आणि मूळ चिठ्ठ्या नष्ट कराव्यात, कारण शिक्षक अक्षर ओळखतात आणि मुलांनाही ते माहीत असते. अपवाद एकच. एखाद्या चिठ्ठीत अत्याचाराचा उल्लेख असेल तर ती जपून ठेवावी, वर्गात वाचू नये, आपापसांत चर्चा करू नये. पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते. हे आधीच ठाऊक नसल्याने काही शिक्षक पेटी ठेवायलाच कचरतात.

प्रथमोपचार पेटीचे काम तासिकेबाहेरचे. रक्त कुणाचेही असो, हातमोजे घालूनच जखम हाताळायची. म्हणजे कोण बाधित आहे हे जाणून घेण्याची गरजच उरत नाही. जखम साबण-पाण्याने धुवावी, दाबून पिळू नये. फरशीवरच्या रक्तावर आधी कापड टाकून त्यावर एक टक्क्याचे क्लोरीनचे द्रावण ओतावे आणि वीस-तीस मिनिटांनी पुसावे. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की हे द्रावण होते, मात्र पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास हवे. ग्रामपंचायतीच्या खोलीत वर्षभर उघडे पडलेले पोते यासाठी निरुपयोगी. क्लोरीन उडून गेलेले असते आणि वास तेवढा राहतो.

आश्रमशाळा आणि वसतिगृहांत अडचण निराळी. गोळी रोज ठरल्या वेळी लागते आणि चाळीस मुलांच्या दालनात ती लपवून खाणे कठीण. पत्र्याच्या छताखालची लोखंडी पेटी उन्हाळ्यात भट्टी होते, गोळ्या तिथे ठेवू नयेत. देवलापारच्या बाजूचे मूल औषधासाठी नागपूरला यायचे तर साठ-सत्तर किलोमीटर, म्हणजे शाळेचा दिवस जातो. त्या दिवसाची रजा कारण न विचारता मांडावी. कारण कळलेच तर ते शिक्षक-खोलीत पोचू नये. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने शिक्षणात भेदभाव करायला आणि प्रवेशासाठी चाचणी मागायला बंदी आहे. मुलाला वेगळ्या बाकावर बसवणे, खिचडीचे ताट वेगळे ठेवणे, हाही भेदभावच.

पालकांचा विरोध होतो, पण बहुधा अंधारात ठेवल्यामुळे. चारही तासिकांचा मजकूर आणि ते २४ पत्ते पालकसभेत आधी ठेवावेत. ‘पोरांना नको ते शिकवता’ हा आक्षेप येईल. असे शिक्षण मिळाल्याने मुले लवकर संबंधांकडे वळत नाहीत, हा निष्कर्ष युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शनात पुराव्यांनिशी दिलेला आहे. शिवाय ज्या मोबाइलवर पोरे बाकी सगळे बघतात तो घरूनच दिलेला असतो.

खर्च म्हणाल तर हातमोज्यांचा डबा, पुठ्ठ्याची पेटी आणि कागद. खरी अडचण माणसांची आहे. प्रशिक्षण घेतलेल्या दोघांपैकी एकाची बदली होते, एक निवृत्त होतो किंवा अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत जातो, आणि यादीवर नाव तसेच राहते. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळा उघडताच प्रत्येक शाळेकडून त्या दोघांची नावे नव्याने मागवावीत. जिथे जागा रिकामी आहे तिथल्या शिक्षकांना तालुक्याच्या आयसीटीसी समुपदेशकाकडे एक दिवस पाठवावे. त्या दिवशी भाषण नको. चारही तासिका त्यांच्याकडून एकदा म्हणून घ्याव्यात, कारण ‘लैंगिक संबंध’ हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने उच्चारताना होणारा संकोच तिथेच संपायला हवा, वर्गासमोर नको.

आपले,
शालेय आरोग्य शिक्षणाचे काम करणारे काही शिक्षक व समुपदेशक, नागपूर